फॉरवर्डचा खाडा

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात डेव्हिड स्टोरी यांचे नाव आलेच, तर ते बहुधा एका वाक्यात येते, आणि त्या वाक्यात ते एकटे नसतात. ऑस्बर्न, सिलिटो, ब्रेन, स्टोरी अशी नावांची आगगाडी एका श्वासात पुढे निघून जाते. डब्यांवर 'संतप्त तरुण' अशी पाटी लावलेली असते. आम्ही आजवर तपासलेल्या उत्तरपत्रिकांत या पाटीपलीकडे गेलेली उत्तरे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत तेवढेच छापलेले असते. स्टोरी हे काही काळ व्यावसायिक रग्बी लीग खेळत होते, ही माहिती तेथे असलीच तर कंसात असते. आमचे म्हणणे असे की ती कंसातून बाहेर काढल्याशिवाय त्यांची पहिली कादंबरी वाचताच येत नाही. ते नुसते खेळाडू नव्हते, फॉरवर्ड होते, आणि फॉरवर्ड असणे ही खेळातली एक जागा असण्याआधी मजुरीची एक जात आहे.

हे थोडे उलगडून सांगावे लागेल, कारण आपल्याकडे रग्बी म्हटले की डोळ्यांपुढे जे येते ते रग्बी लीग नव्हे. पावसाळ्यात मुंबई जिमखान्याच्या चिखलात खेळले जाते ते रग्बी युनियन. दोन्हींचे मूळ एक, पण घर फुटले ते २९ ऑगस्ट १८९५ रोजी, यॉर्कशायरमधील हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात. उत्तर इंग्लंडमधील वीसहून अधिक क्लबांनी त्या दिवशी लंडनच्या नियामक मंडळाशी काडीमोड घेतला. भांडण वरकरणी पैशांचे होते, पण ते कोणत्या पैशांचे होते ते पाहण्याजोगे आहे. खाण आणि गिरणी शनिवारी दुपारपर्यंत चालू असे. सामन्यासाठी, त्यातही दूरगावच्या सामन्यासाठी निघणाऱ्या कामगाराचा त्या दिवसाचा रोज बुडे. क्लबांची मागणी होती ती हा बुडालेला रोज भरून देण्याची. इंग्रजीत त्यासाठी 'मोडलेला वेळ' अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ झाला. मराठीत आपल्याला शब्द शोधत बसावे लागत नाही, तो हजेरीपटावरच आहे: खाडा. खाड्याची भरपाई, दिवसाला सहा शिलिंग, एवढ्यावरून एका खेळाचे दोन खेळ झाले.

युनियनवाल्या सभ्य गृहस्थांचे म्हणणे असे की खेळासाठी पैसे घेणे म्हणजे खेळ बाटवणे. ज्यांना शनिवारी कामावर जावे लागत नाही त्यांना असे म्हणणे परवडते. पुढे फुटून निघालेल्यांनीही १८९८ मध्ये खेळाडूंना उघड मोबदला देणे मान्य केले, मात्र खेळाडूला दुसरा कामधंदा असलाच पाहिजे अशी अट घातली. म्हणजे खाणीत उतरायचे, वर यायचे, आणि मग मैदानात उतरायचे. इकडे ज्याने एकदा लीगच्या मैदानावर पाऊल ठेवले त्याला युनियनचे दार जन्मभर बंद. या सोवळ्याओवळ्याला स्वतः युनियनने १९९५ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, मूठमाती दिली आणि तेथेही खेळाडू उघडपणे पगार घेऊ लागले. असो.

१९०६ मध्ये लीगने आपले नियम बदलले. पंधराचे तेरा खेळाडू झाले. पकडला गेलेला खेळाडू उठून उभा राहतो, चेंडू टाचेने मागे लोटतो आणि खेळ पुढे चालू होतो, ही रीतही तेव्हाचीच. या तेरांतले सहा फॉरवर्ड: दोन प्रॉप, त्यांच्यामध्ये हूकर, मागे दुसऱ्या फळीतले दोघे, आणि सर्वांत मागे एक सुटा. उरलेले सात मागचे गडी. चपळ, देखणे, वर्तमानपत्रांत ज्यांची छायाचित्रे येतात ते. फॉरवर्डचे काम असे की चेंडू छातीशी धरायचा आणि समोर माणसांची जी भिंत आहे तिच्यावर जाऊन आदळायचे, हे ठाऊक असताना की भिंत पडणार नाही. पाचसात पावले जमीन मिळते. मग उठायचे, चेंडू मागे लोटायचा, आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. समोरचा तसाच आदळायला आला की त्याला आपल्या अंगावर घ्यायचे. आज सहा वेळा पकडले गेल्यावर चेंडू प्रतिपक्षाला द्यावा लागतो. स्टोरी खेळत होते त्या १९५० च्या दशकात ही मर्यादाच नव्हती. ती प्रथम १९६६ मध्ये, चार पकडींची म्हणून आली. एखाद्या संघाने ठरवले तर तो चेंडू सोडतच नसे, आणि फॉरवर्ड पाळीने धडका देत राहत. राखीव खेळाडू उतरवण्याची सोयही तेव्हा नव्हती. हाड मोडले तर दोनच मार्ग असत, मोडक्या हाडाने खेळणे किंवा उरलेल्या बारांना तुमचा वाटा उचलायला लावणे. त्या खोलीत दुसरा मार्ग कोणाला सांगून पाहण्याची छाती होत नसे.

स्टोरींचा जन्म १९३३ मधला, वेकफील्डचा. वडील कोळशाच्या खाणीत. मुलाने शिकून शिक्षक व्हावे, निदान जमिनीवर काम करावे, ही अशा घरांतली जगभरची इच्छा. आणि मुलाला चित्रकार व्हायचे होते, जी अशा घरांत कोठेच न शोभणारी इच्छा. अठराव्या वर्षी त्यांनी लीड्स क्लबशी करार केला. खेळाचे वेड हे कारण नव्हते. करारापोटी मिळणाऱ्या रकमेतून चित्रकलेचे शिक्षण होणार होते. १९५३ मध्ये लंडनच्या स्लेड कलाविद्यालयात प्रवेश मिळाला, आणि मग दर आठवड्याची ती फेरी सुरू झाली: पाच दिवस लंडनला कॅन्व्हासपुढे, शनिवारी सुमारे तीनशे किलोमीटर उत्तरेला लीड्सच्या 'अ' संघातून मैदानावर, आणि परत. 'अ' संघ हे नाव फसवे आहे. तो राखीव संघ. पहिल्या संघाचे मानकरी स्टोरी कधी झाले नाहीत.

स्लेडमधल्या मंडळींना हा मोडक्या बोटांचा यॉर्कशायरचा गडी अडाणी वाटे. लीड्सच्या खोलीत, जेथे बहुतेक जण खाणीतून थेट आलेले असत, तेथे चित्रे काढणारा गडी संशयास्पद वाटे. या दोहोंच्या मधला आगगाडीचा डबा तेवढा आपला, असे त्यांना वाटे, आणि पहिली कादंबरी लिहिण्याचे काम त्या डब्यात सुरू झाले. दोन जगांच्या मध्ये सापडलेला लेखक ही कल्पना आता इतकी घासली गेली आहे की ती लिहिताना आमचाच हात थोडा अडखळतो. पण येथे ती रूपक नाही. येथे तिकीट काढावे लागत होते, आणि ते फॉरवर्डच्या कमाईतून निघत होते.

त्या वर्षांतली एक गोष्ट स्टोरींनी पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. सामना चालू होता. चेंडू त्यांच्या पुढ्यात जमिनीवर पडला. फॉरवर्डने अशा वेळी काय करायचे ते ठरलेले असते: समोरून बूट येत असले तरी चेंडूवर अंग टाकायचे. स्टोरी क्षणभर थांबले. त्या क्षणात संघातला एक वयाने मोठा गडी त्यांच्याऐवजी खाली गेला, आणि तोंड फुटून वर आला. वर येताना त्याने स्टोरींकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर त्यांच्या मनातून गेली नाही. कादंबरीचे मूळ तेथे आहे, असे ते सांगत.

आता कादंबरी उघडावी. 'धिस स्पोर्टिंग लाइफ' १९६० मध्ये प्रसिद्ध झाली, त्याआधी अनेक प्रकाशकांकडून परत आलेली. तिचे पहिलेच पान स्क्रममध्ये उघडते. नायक आर्थर माचिन डोके खाली घालून, दुसऱ्याच्या अंगात अंग अडकवून चेंडूची वाट पाहत आहे, आणि काही ओळींत त्याचे पुढचे दात मोडतात. नाताळचा आदला दिवस. दंतवैद्याच्या खुर्चीत वायूची गुंगी चढत असताना मागचे सारे आठवू लागते, आणि कादंबरीचा पूर्वार्ध या गुंगीतून पुढेमागे हिंदकळत जातो. समीक्षकांनी या रचनेचे पुष्कळ कौतुक केले आहे. आम्हांला मात्र ती रचना वाटण्याआधी परतफेड वाटते. जो मार प्रत्यक्षात लेखकाने टाळला आणि दुसऱ्याने खाल्ला, तो लेखकाने पहिल्याच पानावर आपल्या नायकाच्या तोंडावर घेतला आहे.

आणि शेवट पाहा. सामना आटोपला आहे, आर्थर आता तितकासा तरुण राहिलेला नाही, पायांत पूर्वीची धाव नाही. तो कपडे चढवतो आणि कवळी तोंडात बसवतो. कादंबरी तेथे संपते. मधल्या पानांत प्रेम आहे, मृत्यू आहे, पैसा आणि वर्ग आहे. पण दोन टोकांना आहे ते हे, दात जाणे आणि कवळी बसवणे. फॉरवर्डच्या कारकिर्दीचा एवढा नेमका जमाखर्च दुसरीकडे कोठे मांडलेला आमच्या वाचनात नाही.

मधल्या पानांविषयी थोडेसे. आर्थर मिसेस हॅमंड या विधवेकडे भाड्याने खोली घेऊन राहतो. तिचा नवरा ज्या कारखान्यात मेला त्याचा मालक वीव्हर. आर्थर त्याच कारखान्यात लेथवर काम करतो आणि त्याच वीव्हरच्या क्लबासाठी खेळतो. नवऱ्याचे बूट तिने चुलाण्यापाशी ठेवलेले आहेत. आर्थर तिला वस्तू आणून देतो, मोटारीतून फिरवतो, अंगावर फर घालतो, आणि तिच्या मनापर्यंत पोचण्यासाठी जे करतो ते अखेर फॉरवर्डचेच करणे असते: आदळणे, उठणे, पुन्हा आदळणे. त्याच्या हातांना दुसरे काही शिकवलेलेच नाही. पुष्कळ वाचक येथे आर्थरला रानटी ठरवून मोकळे होतात, आणि आमच्या वर्गातल्या मुलींनी ते वेळोवेळी ठणकावून सांगितले आहे. त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. मिसेस हॅमंडला जे सोसावे लागते ते सोसावेच लागते. एवढेच की आठवडाभर ज्या गुणासाठी माणसाला पैसे आणि टाळ्या दिल्या जातात, तोच गुण स्वयंपाकघरात हिंसा ठरतो, हे स्टोरींना दिसत होते आणि त्यांनी ते कोणाच्याही बाजूने निकाल न देता लिहिले.

१९६३ मध्ये लिंडसे अँडरसन यांनी यावर चित्रपट केला. पटकथा स्टोरींचीच, नायकाचे नाव मात्र आर्थरचे फ्रँक झाले. रिचर्ड हॅरिस यांना त्या भूमिकेसाठी कान महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच होते. वेकफील्डच्या बेल व्ह्यू मैदानावर घेतलेली सामन्याची दृश्ये आजही अंगावर येतात, कारण चिखल, श्वास आणि कातडी यांपलीकडे त्यांत काही सुंदर नाही. तरीही आमचे मत असे की चित्रपटाने प्रेमकथेला मोठे केले आणि कामाला लहान केले. कादंबरीत थकवा आहे. चित्रपटात यातना आहे. यातना पडद्यावर चांगली दिसते. थकवा दिसत नाही, तो पानापानाने साठत जावा लागतो.

थकव्याला रंगभूमीवर जागा मिळाली ती 'द चेंजिंग रूम' या नाटकात. १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये अँडरसन यांनीच ते बसवले. तीन अंक: सामन्यापूर्वी, मध्यंतराच्या आसपास, सामन्यानंतर. सामना एकदाही दिसत नाही. माणसे येतात, कपडे उतरवतात, तेल चोळून घेतात, शिव्या देतात, बाहेर जातात, चिखल माखून परत येतात, आंघोळ करतात, निघून जातात. सर्वांत आधी येणारा आणि सर्वांत शेवटी जाणारा तो झाडूवाला हॅरी, ज्याच्या मते थंडी पडते त्यातही रशियाचा हात आहे. कथानक शोधणाऱ्याच्या हाती एवढेच लागते की केंडाल नावाच्या उतरत्या वयाच्या फॉरवर्डचे नाक मोडते, त्याला आत आणतात, आणि मूर नावाचा नवखा राखीव गडी त्याच्या जागी बाहेर जातो. ब्रॉडवेवर केंडालचे काम करणाऱ्या जॉन लिथगो यांना १९७३ चा टोनी पुरस्कार मिळाला.

या केंडालने त्याच दिवशी विजेवर चालणाऱ्या हत्यारांची एक पेटी विकत घेतली आहे. आल्याआल्या तो ती सगळ्यांना दाखवतो, सगळे त्याची टवाळी करतात. पुढे नाक मोडून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो आत येतो तेव्हाही त्याच्या मनातून ती पेटी जात नाही.

आम्ही हे नाटक काही वर्षे पदव्युत्तर वर्गात वाचायला घेत असू. पेटीचा मुद्दा आला की मुले टिपणे काढू लागत: उपभोगवाद, मध्यमवर्गीय आकांक्षा, वस्तूचे प्रतीकमूल्य. एका वर्षी मागच्या बाकावर एक विद्यार्थी होता, जिल्ह्याच्या कबड्डी संघातला, डाव्या कोपऱ्यावर खेळणारा. कोपऱ्यावरच्या गड्याचे काम चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर झेप घेण्याचे. त्याच्या गुडघ्याला तेव्हाच पट्टा असे. वडील मार्केट यार्डात हमाली करीत. वर्गात तो फारसे बोलत नसे. त्या दिवशी म्हणाला, "सर, त्या पेटीत प्रतीकबितीक काही नाही. खेळ सुटल्यावर हातांना काय काम द्यायचं, ते तो आत्ताच बघून ठेवतोय. आमच्या दादांनी पाठ गेल्यावर वजनकाटा घेतला, तसं." मग थोडे थांबून त्याने विचारले, "नाक मोडल्यावर त्याला दिसेनासं झालं ते परत दिसायला लागलं का, ते पुढे कुठे दिलंय?"

कोठेही दिलेले नाही. केंडालला दवाखान्यात पाठवतात आणि नाटक त्याच्याशिवाय पुढे जाते. तिसऱ्या अंकात आंघोळीच्या पाण्याची आणि जिंकल्याची धांदल असते.

त्या प्रश्नाचे उत्तर साहित्यात नव्हते, ते हळूहळू वैद्यकातून येत गेले. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूचा जो ऱ्हास होतो, ज्याला संक्षेपाने सीटीई म्हणतात, त्याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच करता येते. स्टीव्ह फोक्स हे सिडनीच्या कँटरबरी क्लबाचे दुसऱ्या फळीतले फॉरवर्ड. पुढे त्याच क्लबाचे प्रशिक्षक झाले आणि २००४ मध्ये त्यांच्या संघाने ऑस्ट्रेलियातील विजेतेपद मिळवले. २०१८ मध्ये, ५९ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या मेंदूत हा आजार होता, हे त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने २०१९ मध्ये जाहीर झाले. आपल्या नावाने ते सांगू देणे हा त्या घराचा मोठेपणा. इंग्लंडमध्येही अनेक माजी खेळाडूंनी, ज्यांतल्या काहींना पन्नाशीच्या आतच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आहे, खेळाच्या नियामक मंडळाविरुद्ध कायदेशीर लढा सुरू केला. मागणी काय, तर बुडालेल्याची भरपाई. १८९५ च्या खाड्याचा हिशेब दिवसाला सहा शिलिंग असा मांडता आला होता. येथे बुडालेले दिवस कोणते, हे ज्याचे बुडाले त्यालाच आठवत नाही, आणि वकिलांनी तो हिशेब कसा मांडावा हे आम्हांला तरी सुचत नाही.

स्टोरी स्वतः या हिशेबातून लवकर सुटले होते. १९५६ च्या सुमारास त्यांनी करारापोटी मिळालेल्या रकमेचा मोठा भाग क्लबाला परत करून आपली मोकळीक विकत घेतली. कादंबरीतल्या आर्थरला ते करता आले नसते. त्याच्याजवळ परत करण्याजोगे काही उरलेले नव्हते आणि जाण्याजोगे स्लेड नव्हते. १९७६ मध्ये 'सॅव्हिल' या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. ती खाणकामगाराच्या घराची, शिकून घराबाहेर पडलेल्या मुलाची गोष्ट आहे, आणि आपल्या वाचकांना ती 'धिस स्पोर्टिंग लाइफ'पेक्षाही जवळची वाटेल असा आमचा अंदाज आहे. मार्च २०१७ मध्ये ते वारले. 'अ स्टिंगिंग डिलाइट' हे त्यांचे आत्मकथन २०२१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. त्यात यशापेक्षा नैराश्याविषयी अधिक आहे: त्यांच्या जन्माआधीच वारलेला थोरला भाऊ, घरावर पसरलेले ते दुःख, आणि दिवसेंदिवस मानेवर बसून राहणारी भीती. अपराधाची जाणीव त्यांना केवळ त्या एका सामन्यातून लाभली, असे म्हणणे ते वाचल्यावर अपुरे ठरते; मैदानावर थांबलेला तो क्षण कदाचित आधीपासून चालत आलेल्या जाणिवेला सापडलेली एक जागा असावा.

तरी ज्याचे तोंड फुटले त्या मोठ्या गड्याचे काय झाले, हा प्रश्न आमच्यापुरता शिल्लक राहतो. तो खेळत राहिला असणार. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याच्या जागी उतरायला दुसरे कोणी नव्हते, तेव्हा त्या दिवशीचा सामना तरी त्याने पुरा केला असणार, आणि सोमवारी पहाटे, खाडा होऊ नये म्हणून, पाळीवर गेला असणार.